अंबूबाईचा पहिला ओटा

नाशिकच्या घराघरांत मिक्सर आले आणि अंबूबाईच्या पाट्या-वरवंट्यांना कुणी विचारेना. सातपूरच्या नाक्यावर दिवसभर बसलं तरी जुन्या पाट्याला टाकी लावून घ्यायलाही कुणी थांबत नसे. दुसरी एखादी नशिबाला बोल लावत बसली असती. अंबूबाई मात्र छिन्नी-हातोडा पिशवीत घालून ग्रॅनाईटच्या दुकानात गेली आणि काम मागून आली.

आधी नुसतं घासकाम मिळालं. दुकानदार जयराम बोलका होता. त्याने सांगितलं, की आपला नाशिकचा काळा दगड जमिनीवर येऊन झटपट थिजला, म्हणून त्याचा दाणा बारीक. ग्रॅनाईट जमिनीच्या पोटात सावकाश निवला, म्हणून त्याचे दाणे मिठाच्या खड्यांसारखे वेगवेगळे दिसतात. कडप्प्यावर लिंबू सांडलं की डाग पडतो, याच्यावर पडत नाही; त्यामुळे जो तो ओट्याला ग्रॅनाईटच मागत होता. घासता घासता अंबूबाई कटर चालवायला शिकली.

अठ्ठ्याण्णव साली इंदिरानगरच्या एका नव्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, तिला एकटीने ओटा बसवायला मिळाला. बाईमाणसाच्या हाती कटर द्यायचं ठेकेदार रविराजच्या अगदी जिवावर आलं होतं. लादी फुटली तर पुन्हा तोंड दाखवायचं नाही, असं त्याने आधीच बजावलं.

पाटा विकताना वाजवायची, तशीच अंबूबाईने ओट्याची लादी हातोडीच्या दांड्याने वाजवत नेली. खणखणीत आवाज उजव्या टोकाजवळ एकदम बद्द झाला. तिथे पाणी ओतून पुसलं, तर वीतभर लांब ओली रेघ तेवढी राहिली. कारखान्यात कुणीतरी भेग बुजवून वर पॉलिश मारलं होतं.

दिसत नाही ना, मग बसव गपचूप, असं रविराज म्हणाला. अंबूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उद्या ओटा तुटला असता, तर नाव तिचंच गेलं असतं.

"अशी नाय बसवनार," ती म्हणाली. "पन वाया बी नाय जाऊ द्यायची."

सिंक डावीकडे, खिडकीखाली यायचं होतं. तिने मजुरांना लादी फिरवून उजवं टोक डावीकडे घ्यायला लावलं, तशी भेग नेमकी सिंकच्या भोकात आली. भेग पुढे पळू नये म्हणून तिने आधी सिंकच्या आखणीच्या चारही कोपऱ्यांना गोल भोकं पाडली, मग पाणी सोडत सोडत कापलं. भेगेचा तुकडा निघून आला. उरलेली लादी तिने पुन्हा वाजवली. कुठेही बद्द आवाज नव्हता.

आठवड्याने सिमेंट पक्कं झाल्यावर रविराज घरमालकीण उज्वलाताईंना घेऊन आला. सिंकपुढे चार बोटं रुंद पट्टी उरते, ती ओट्याची सगळ्यात नाजूक जागा. तिच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, तुटलं तर इथंच तुटेल.

अंबूबाईने चपला काढल्या, ओट्यावर चढली आणि दोन्ही पाय जोडून त्याच पट्टीवर उभी राहिली. दगड हूं का चूं करेना.

"दादा," ती वरूनच रविराजला म्हणाली, "दुसऱ्या मजल्याचं माप घ्यायला कधी येऊ?"