कपड्यांना येणारा वास

"आई, माझी कपडे वास मारते."

माझी मुलगी इथेच, इंग्लंडात वॉटफर्डला जन्मली, सतरा वर्षांची आहे, आणि तिचं मराठी हे असं आहे. मी आता दुरुस्त करायला जात नाही. जानेवारीतली सकाळ होती, ती सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला, जायच्या घाईत होती आणि शाळेचा जंपर, तो लोकरी स्वेटर, नाकाला लावून उभी होती.

"कसला वास?" मी विचारलं.

"माहीत नाही. किचनसारखा. लाइक, काहीतरी जास्त झालंय."

झालं. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. किचनसारखा म्हणजे फोडणीचा, दुसरा कसला असणार? इथे आलेल्या आपल्या बायकांची अर्धी अक्कल या एका वासाच्या मागे खर्च होते. फोडणी घालायच्या आधी कोट वर नेऊन ठेवायचे, बेडरूमची दारं लावायची, बाहेर बर्फ पडत असला तरी खिडकी उघडायची, दुसऱ्या दिवशी कुणाचा इंटरव्ह्यू असेल तर तळण नाही. त्यातून इथल्या घरांत वॉशिंग मशीन आणि कपडे वाळवायचा ड्रायर स्वयंपाकघरातच, शेगडीच्या शेजारी. ड्रायर खोलीतली हवा आत ओढतो. म्हणून फोडणीच्या वेळी ड्रायर बंद, हे मला या देशात आल्या आल्या शेजारच्या एका मराठी बाईंनी सांगितलं होतं, आणि मी ते इमानेइतबारे पाळत आले होते. तरी पोटची पोर म्हणते कपड्यांना वास येतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. मला वास येत नाही. दोन वर्षांपूर्वी मला कोविड झाला. ताप गेला, खोकला गेला, वास काही परत आला नाही. आमची डॉक्टर, इथली जीपी, म्हणाली, वाट बघा. मग कुणीतरी सांगितलं म्हणून चार छोट्या बाटल्या आणल्या: लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी. सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या आणि तो वास आठवायचा प्रयत्न करायचा. पलंगाच्या कडेला बसून मी ते बरेच महिने केलं. लवंगेची बाटली काय आणि नळाचं पाणी काय, मला सारखंच. शेवटी कंटाळून बाटल्या टाकून दिल्या.

मीठ कळतं, आंबट कळतं, मिरची झोंबते. त्यापलीकडे पदार्थ मऊ असतो नाहीतर कडक असतो, इतकंच. स्वयंपाक हाताच्या सवयीने होतो. मी हे कुणाला सांगितलं नाही. तिचे बाबा आणि मी तोवर वेगळे झालो होतो, तो दोन स्टेशनं पलीकडे राहायला गेला होता, आणि मुद्दाम फोन करून सांगावं असं यात होतं तरी काय? मुलगी जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या, अभ्यासात होती. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग हळूहळू वासाबरोबर बाकीचंही बरंच गेलं. भूक गेली. दिवाळी आली काय, मंगळवार आला काय, एकच. ओळखीच्या बायका म्हणायच्या, तू हल्ली किती शांत झालीस गं. शांत कसली डोंबलाची, बधिर झाले होते. राग तेवढा शिल्लक राहिला होता, तो कुठे जाणार?

तर त्या सकाळी मी चिडले, आणि ती गेल्यावर रागाच्या खालून लाज वर आली. कपड्यांना खरंच वास येत असेल तर मला कळणारच नव्हतं. पोर हिंगाच्या वासाचा जंपर घालून वर्गात बसली असेल, आणि कुणीतरी काहीतरी बोललं असेल. काय बोलतात ते मला ठाऊक आहे. माझ्या इथल्या पहिल्या नोकरीत शेजारची बाई मी येऊन बसले की उठून खिडकी उघडायची, आणि उघडताना माझ्याकडे बघून गोड हसायची.

मी फोडणी बंद केली. हिंगाची डबी सगळ्यात वरच्या फळीवर गेली. मोहरी नाही, लसूण नाही, कढीपत्ता नाही. उकडलेल्या भाज्या, मीठ घातलेलं वरण, पास्ता, बटाटा. मला काहीच फरक पडत नव्हता. आठवडाभर तिने निमूटपणे खाल्लं आणि मग विचारलं, "आई, आपण आजारी आहोत का?"

"तुझ्या कपड्यांना वास येतो ना? मग आता हेच गिळा."

तिने चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. शुक्रवारी तिने आपले कपडे एका मोठ्या बॅगेत भरले आणि धुवायला बाबांकडे घेऊन गेली.

पुढच्या शुक्रवारी कपड्यांबरोबर पुस्तकंही गेली. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी कामावर असताना मेसेज आला: परीक्षा होईपर्यंत बाबांकडे राहू का, तिकडून बस डायरेक्ट आहे. बस डायरेक्ट नाही, मधे बदलावी लागते, मला माहीत आहे. मी एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला बसते. समोर एक म्हातारे गृहस्थ गाल धरून उभे होते. मी मेसेज वाचला, त्यांना दुपारची वेळ दिली आणि मग 'चालेल' असं लिहून पाठवलं. आत काहीही झालं नाही. काहीतरी व्हायला हवं होतं, एवढं मला समजत होतं.

मला सरळ दिसत होतं की ती आता तिकडे गेली तर परीक्षेनंतर युनिव्हर्सिटीलाही तिकडूनच जाणार. माझ्या घरी ती यापुढे पाहुण्यासारखी येणार, चहा पिणार आणि जाणार. माझी मुलगी माझ्याजवळ असण्याचे हे शेवटचे काही महिने होते आणि ते मी घालवत होते. दुःख होत नव्हतं, पण समजत होतं. मग डोक्याने जे सुचलं ते केलं. वास ड्रायरमधून येतोय ना? मग ड्रायर दुरुस्त करायचा. वास गेला की मुलगी परत येईल.

ड्रायरच्या तक्रारी तशा आधीपासूनच होत्या. प्रोग्रॅम संपला म्हणून शिट्टी वाजायची आणि आत जीन्सची कंबर ओलीच असायची. मग तेच कपडे पुन्हा लावायचे. मी फोनवर व्हिडिओ शोधले. एक टकला गृहस्थ आपल्या गराजमध्ये बसून सगळं नीट समजावून सांगतो, तो मला आवडला. तो म्हणाला, आधी दारातला फिल्टर बघा. फिल्टर मी दर वेळी साफ करत होतेच. त्यावर लिंट जमतं, म्हणजे कपड्यांतून सुटलेला राखाडी कापूस. जाळी एका कोपऱ्यात उसवली होती, ती मी बोटाने दाबून बसवायचे. एवढ्याशा कोपऱ्याने काय होतंय?

मग खालचं झाकण उघडून कंडेन्सर, वाफेचं पाणी करणारा भाग, ओढून काढला. विटेएवढा धातूचा ठोकळा, त्याच्या फटीफटीत तोच कापूस ओला होऊन बसलेला. बाथटबमध्ये नळाखाली धरला तर पाणी राखेसारखं निघालं. नंतर ड्रमच्या आत, दाराजवळ, दोन चकचकीत पट्ट्या असतात. कपडे किती ओले आहेत ते मशीनला त्यांच्यावरून कळतं. त्यांच्यावर फॅब्रिक सॉफ्टनरचा थर बसला की ओले कपडेही त्याला कोरडे वाटतात. बिचारं, मला त्याची दया आली. व्हिनेगरने पट्ट्या पुसल्या. ड्रमही आतून पुसून काढला. मशीन हलत होतं म्हणून पुढचे पाय फिरवून सारखे केले. एवढं झाल्यावर जुने टॉवेल लिंबाच्या पाण्यात भिजवून, पिळून, आत फिरवले.

टॉवेल बाहेर काढला आणि नाकाला लावला. गरम होता.

सगळं करून झालं होतं आणि वास गेला की नाही हे मला कळायचा मार्गच नव्हता. दुसऱ्या दिवशी तो टॉवेल पिशवीत घालून कामावर नेला. तिथल्या नर्सला म्हणणार होते की बाई, जरा हुंगून सांगतेस का? दिवसभर पिशवी पायाशी ठेवली. पण कुणाच्या तोंडासमोर आपला टॉवेल कसा धरायचा? तसाच परत आणला.

रविवारी ती उरलेली पुस्तकं भरायला आली. तिचं अभ्यासाचं टेबल न्यायला तिचे बाबा थोड्या वेळाने गाडी घेऊन येणार होते. मी ठरवून चादरींचा मोठा ढीग ड्रायरला लावला होता. ती आली की गरम चादर तिच्या हातात देऊन विचारणार होते, बघ, आता येतो का वास? मी ड्रायरला पाठ टेकून उभी होते. पाठीला छान ऊब लागत होती. तिने आपल्या किल्लीने दार उघडलं आणि पॅसेजमधूनच म्हणाली, "आई, काहीतरी जळतंय."

"काही जळत नाहीये. मी इथेच उभी आहे."

ती बूटही न काढता आत आली, मला बाजूला सारलं, भिंतीजवळ हात घातला आणि प्लग ओढला. मग खिडकी उघडली आणि बागेकडचं दारही उघडलं.

"अगं, प्रोग्रॅम चालू होता," मी म्हणाले.

"तुला येत नाही?"

"काय?"

"वास, आई. घरभर आहे."

सर्दी झाली आहे म्हणता आलं असतं. तेवढंही त्राण नव्हतं. "मला वास येत नाही," मी म्हणाले. "तू जीसीएसईला होतीस ना, मी आजारी पडले होते, तेव्हापासून."

ती खुर्चीवर बसली. काहीतरी करायला हवं म्हणून मी मशीन भिंतीपासून पुढे ओढलं. ते पार गार होईपर्यंत आम्ही दोघी तशाच थांबलो. मग मी मागच्या पत्र्याचे स्क्रू काढले, तिने फोनचा टॉर्च धरला. आत, हीटरच्या पेटीभोवती, तोच राखाडी कापूस थरावर थर बसला होता. कडेने तपकिरी, मधे काळा. बोट लावलं तर भुगा झाला. उसवलेल्या कोपऱ्यातून निसटलेला प्रत्येक धागा इथे येऊन भाजत होता, आणि मी त्याला पाठ टेकून उभी होते.

"हाच वास," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं ना."

"तू किचनसारखा म्हणालीस."

"जळलेल्या टोस्टसारखा. म्हणून किचन."

"मला वाटलं फोडणीचा."

तिने टॉर्च माझ्या तोंडावर धरला. "फोडणी कोण म्हणालं? मला तर आधी वाटलं, तू डाएट करतेस."

मी व्हॅक्यूमच्या नळीला ब्रश लावून सगळं ओढून काढलं. नवा फिल्टर आणि हीटरवरचा थर्मोस्टॅट तिथेच बसून मागवला, आणि ते बसेपर्यंत प्लगला कुणी हात लावायचा नाही असं बजावलं. घाबरायला हवं होतं. नुसते गुडघे दुखत होते. ती जमिनीवर माझ्याशेजारी बसली होती आणि चिमटीत एक पुंजका घेऊन चुरत होती.

"मग माझा पण वास येत नाही?" तिने विचारलं.

"तुझा कसला?"

"मी स्मोक करत होते. लास्ट इयर." ती पुंजक्याकडेच बघत होती. "तशीच घरी यायचे, कोट घालून. तुझ्या बाजूला सोफ्यावर बसायचे. मला वाटायचं आता तू ओरडशील. तू म्हणायचीस, जेवण झाकून ठेवलंय. रोज. बाबांकडे गेले तर त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. खूप ओरडले." मग म्हणाली, "मला वाटलं, तुला माझं काहीच वाटत नाही."

म्हणजे कपडे हे निमित्त होतं. बसही निमित्तच. ती माझ्याशेजारी येऊन बसत होती, मुद्दाम, पुन्हा पुन्हा, आणि मी टीव्ही बघत होते.

असं काही नाही गं, असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते खोटं झालं असतं. दोन वर्षं मला खरोखरच कशाचं काही वाटलं नव्हतं. तेव्हाही आत शोधून बघितलं तर हाताला लागला तो रागच. मग मी तोच बाहेर काढला.

"फुप्फुसं काय भाड्याने आणली आहेस?" मी म्हणाले. "उद्या परत करायची आहेत? कुणी शिकवलं हे? कुठली ती तुझी मैत्रीण, केस निळे केलेली? आणि वर माझ्याच शेजारी येऊन बसायचीस, तोंड वर करून? लाज नाही वाटली? नऊ महिने पोटात वाढवली ती धूर काढायला?" सुरुवातीला मी हे पाठ म्हटल्यासारखं म्हणत होते. मधेच कुठेतरी माझा आवाज फाटला आणि मला थांबता येईना. निम्मं मराठी तिला कळलंही नसेल. एरवी मी दोन शब्द बोलले की कानात काहीतरी घालून वर निघून जाणारी माझी मुलगी मांडी घालून ऐकत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

तेवढ्यात बेल वाजली. ती उठून गेली. दार उघडल्याचं आणि तिच्या बाबांनी टेबलाचं विचारल्याचं मला ऐकू आलं.

"आज नको, बाबा," ती म्हणाली. "आई मला ओरडतेय."

दार लावून ती परत आली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली.