खुर्चीवरचा पैलवान

बलभीम पैलवानानं शेवटची कुस्ती केली तेव्हा आमच्या थोरल्याचं बारसं होतं. आता त्या थोरल्याला टक्कल पडलंय. म्हणजे पस्तीस वर्षं या गड्यानं कुणाच्या अंगाला हात लावला नव्हता, तरी पोट भरत होता कुस्तीवरच. कसं, ते ऐका.

आमच्या परांडा तालुक्यात जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच. फडाच्या कडेला एक खुर्ची असते, तिच्यावर जुना पैलवान बसवतात. हलगी तापली की तो उठतो, आखाड्याला एक फेरी मारतो आणि जोडीतल्या दोघांचे हात एकमेकांच्या हातात देतो. याला म्हणतात कुस्ती लावणं. एवढ्या कामाला फेटा, नारळ आणि बिदागीचं पाकीट. संक्रांतीपासून वैशाखापर्यंत बलभीम गावोगाव असा बसून यायचा आणि उरलेलं वर्ष त्या बसण्यावर काढायचा. देवळातली घंटासुद्धा त्याच्यापेक्षा जास्त हलत असेल.

घरात एक म्हैस. तिचं निम्मं दूध पैलवानाच्या खुराकाला. बायको शिवकन्या दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची आणि हा ओट्यावर बसून मिशीची साय पुसायचा.

मग कोरोना आला. ऐन चैत्रात सोनारीची जत्रा बंद, मागोमाग सगळ्याच बंद. गावात खुरपायलाही कुणी बोलवीना. चालू होती फक्त डेअरीची गाडी. शिवकन्येनं सरळ हिशेब मांडला, की खुराकाचं दूधही डेअरीला घालू, तर चूल पेटेल.

पैलवान म्हणाला, "अंग उतरल्यावर फुडच्या साली खुर्चीवर कोण बशीवतंय मला?"

"आन् तवर आमी काय खायाचं? तुमचं अंग?"

माणूस आळशी खरा, पण बोलला ते खोटं नव्हतं. ती खुर्ची अंग बघून मिळायची. नाव विचारतंय कोण!

त्याच आठवड्यात हिंमतरावाचा निरोप आला. हिंमतराव म्हणजे आमच्या जत्रा कमिटीचा अध्यक्ष. जन्मात कधी लंगोट कसला नाही, पण कुस्तीवर तासभर बोलतो. ‘उद्या दहा वाजता देवळापाशी या,’ एवढाच निरोप. पैलवानाला वाटलं, जत्रा नाही तर नाही, मान तरी देतायत. सकाळी त्यानं लिटरभर दूध रिचवलं, ठेवणीतला फेटा बांधला आणि निघाला.

देवळापुढं फक्कीनं गोल आखले होते. एकेका गोलात एकेक माणूस उभा. मीही होतो, कशाला लपवू. टेबलावर पीठ, डाळ, तेलपुड्याच्या पिशव्या, पिशवीवर हिंमतरावाचा हसरा फोटो. बलभीमानं कुणाकडं पाहिलं नाही. सवयीनं सरळ कट्ट्यावर चढला, हिंमतरावाच्या शेजारच्या खुर्चीत मांडी पसरून बसला आणि विचारलं, की जोड कुठाय?

हिंमतराव मास्कातनं गोड आवाजात म्हणाला, "पैलवान, तुमचं नाव खालच्या यादीत हाय."

सगळे गोल हसले. पीठ फुकट घ्यायला उभी असलेली माणसं, पण हसायला पुढं! त्यात मीही हसलो. तो उतरला, रांगेच्या शेवटी गोलात जाऊन उभा राहिला. तासाभरानं नंबर आला तेव्हा हिंमतराव पिशवी सोडीना. मोबाइल धरून उभ्या पुतण्याला म्हणाला, फेट्यासकट घे, फोटो चांगला दिसतोय. बलभीमानं फेटा उतरवला. पिशवी हिसकली नाही, हळूच सोडवून घेतली, फेट्यात गाठोडं बांधलं आणि खांद्यावर टाकून मोबाइलकडं पाठ करून चालू लागला. हिंमतरावानं तोही फोटो ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, ‘ज्येष्ठ मल्लांचा सन्मान’. लाजच कोळून प्यालेला माणूस, काय करणार!

दुसऱ्या दिवशी पहाटे दुधाची किटली डेअरीला निघाली ती काठोकाठ भरून, आणि नेणारा बलभीम. शिवकन्येनं मला सांगितलं, त्यांनी नुसता खुराकाचा पेला पालथा घातला.

दोन वर्षांनी जत्रा उघडली. हिंमतराव पैलवानाच्या दारात आला. गळा सुटलेला, दंड सैल पडलेले, असा बलभीम त्यानं वरपासून खालपर्यंत न्याहाळला. चहा प्याला, पावसापाण्याचं बोलला आणि गेला. खुर्चीवर बसवला वैजनाथ खडीक्रशरवाला. त्याच्या पोटात दोन पैलवान मावतील. त्यानं जोडीचे हात हातात दिले आणि मधोमधच उभा राहिला, फोटोसाठी. पोरं बिचारी त्याला वळसा घालून भिडली. गावानं त्यालाही टाळ्या दिल्या. गाव तेच!

मी खाली मातीत बलभीमाशेजारी बसलो होतो. म्हटलं, "वाईट वाटतंय का रं?"

"कशाचं? त्या खुर्चीला मांस लागतंय तात्या, पैलवान न्हाय." आणि शेवटच्या मोठ्या कुस्तीला अजून अवकाश होता, तोवर हा धारेची वेळ झाली म्हणून उठलासुद्धा.