काठोकाठ भरलेला तुंबा

समुद्र मी तोवर पाहिला नव्हता, आणि सिंदेवाहीत तो पाहिलेला माणूस शोधूनही सापडला नसता. पण विज्ञानाच्या सरांनी वर्गात सांगितलं, समुद्राचं पाणी इकडचं तिकडे सरकलं की पृथ्वीच्या फिरण्याचा वेग जरासा बदलतो, तिचा आस डुलतो, आणि जिथं पाणी जास्त जमतं तिथं तिची ओढही नखभर वाढते. मी तर वेडीच झाले. एवढी थोरली पृथ्वी, आणि पाण्यापायी डुलते!

ऐंशीच्या दशकातलं माझं दहावीचं वर्ष. बाबा धानाच्या सरकारी शेतावर मजुरीला जात. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "जिल्ह्याच्या प्रदर्शनात नंबर आण, चंद्रपूरले सायन्सले टाकतो. नाई आला तं इथीच आर्ट्स घ्याचं. मंग रडाचं नाई."

बाजारात मोहफुलं विकायला येणाऱ्या गोंड बाईकडून मी एक तुंबा मागून घेतला. तुंबा म्हणजे वाळवून पोकळ केलेला भोपळा, जंगलातली माणसं त्यात पाणी नेतात. त्यात अर्धं पाणी भरायचं, दोरीनं टांगायचा, पीळ देऊन सोडायचा. फिरता फिरता पाणी आत पोटाच्या कडेला चढायचं, तुंबा मंदावायचा आणि असा झोकांड्या खायचा की मला हसू आवरत नसे. माझी पृथ्वी! सर म्हणाले, "नंबर पक्का."

निघायच्या सकाळी पाहते तर तुंब्याचं तोंड लाखेनं बंद केलेलं. एसटीत सांडू नये म्हणून आईनं केलं असेल, मला बरंच वाटलं. मांडीवर तुंबा जड लागत होता, पण त्या दिवशी मला सगळंच जड लागत होतं.

परीक्षक आले. मी समुद्राचं सगळं घडाघडा सांगितलं आणि पीळ सोडला. तुंबा फिरला. जात्यासारखा एका लयीत फिरत राहिला, तसूभर हलला नाही. आत काठोकाठ पाणी! सरकायला जागाच नाही, मग डुलणार काय, डोंबल?

"हे तर अगदी नीट फिरतंय," परीक्षक म्हणाले.

"सर, थांबा, थोडं पाणी काढते." मी लाख नखांनी खरवडायला लागले. लाख कुठली निघते!

"समुद्र पाहिलाय का कधी?"

"नाही."

"मग कशाला नसती उठाठेव? धानाचं काहीतरी करायचं होतंस." आणि ते शेजारच्या टेबलाकडे वळले. तिथं गडचांदूरकडच्या पोरांनी पुठ्ठ्याचा सिमेंट कारखाना केला होता, चिमणीत उदबत्ती लावून. पहिला नंबर त्या उदबत्तीला मिळाला. त्या माणसाला पाच मिनिटं थांबायला काय झालं होतं? त्याची कोणती गाडी सुटत होती?

घरी आले तेव्हा आई दारातच उभी होती. बाबा बाजेवर होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "झालं तं मंग. आर्ट्स." आणि हात धुवायला उठले.

ते मागच्या अंगणात गेल्यावर आई हळूच म्हणाली, "मी तं सकाळी काठोकाठ भरून देल्ला होता वं. अर्ध्या भांड्यानं चांगल्या कामाले निघू नाई." बाबांनी बौद्ध झाल्यापासून शकुन-अपशकुन घराबाहेर काढले होते, म्हणून बिचारीनं चोरून भरला होता. चोरूनच लाख वितळवली होती.

मी जळफळले. ओरडावंसं वाटलं, आये, तूच बुडवलं मले! पण तिच्या बोटावर लाखेचा फोड आलेला दिसला आणि मी त्यावर लावायला तेलाची वाटी आणली.

मी आर्ट्स केलं. आता शाळेत इतिहास शिकवते, आणि भूगोलाचा तास बदलीवर आला तर टाळते. आई म्हातारी झाली आहे. कोणी आलं की अजून सांगते, "पोरगी लय हुशार होती जी. मी तुंबा भरून देल्ला होता, पण तिच्याच नशिबात नोयतं."

मी आत जाऊन चहा टाकते.