शेपूचा फर्स्ट पीस

उद्धवरावांबद्दल मी चांगलं बोलावं अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. एका शिफ्टला माझे अकरा पीस रिजेक्ट केलेत त्यांनी. भोसरीच्या एका गिअरच्या वर्कशॉपमध्ये मी लेथवर, ते इन्स्पेक्टर. त्यात नशीब असं, की आमच्या पत्र्याच्या खोल्याही शेजारीशेजारी. दिवसभर ज्याचं तोंड बघायचं, त्याचाच घरी आल्यावर भिंतीतून खोकला ऐकायचा.

माणूस उस्मानाबादकडचा, किडकिडीत. पीस मायक्रोमीटरमध्ये धरायचा, एक डोळा बारीक करायचा, लाल खडूनं फुली मारायची आणि हळूच म्हणायचं, ‘रिजेक्ट’. आवाज कधी चढवायचे नाहीत, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. पण एक कबूल करतो, मापाबाहेरचा पीस त्यांनी कधी पास केला नाही. मालकाचा मेहुणा गळ घालायला आला होता, तोही हात हलवत परत गेला.

हा ‘रिजेक्ट’ शब्द त्यांनी घरी आणला, इथं सगळं बिघडलं. जेवायला बसले की ताटाचं इन्स्पेक्शन सुरू. शेपूची भाजी? रिजेक्ट. दोडका? रिजेक्ट. दोन बोटांनी वाटी बाजूला सारायची आणि पिठलं मागायचं. कस्तुरावहिनी हसून सोडून द्यायच्या. मांडीला मांडी लावून बसलेली त्यांची तीन वर्षांची जाई तिथं शिकाऊ म्हणून भरती झालीय, हे त्यांना तरी काय ठाऊक!

जाईला आम्ही सगळे कौतुकानं जाईबाई म्हणायचो. एक दिवस जाईबाईंनी समोर आलेला वरणभाताचा घास न्याहाळला, एक डोळा बारीक केला आणि म्हणाल्या, ‘लिजेक्त’. अख्खी चाळ हसून लोळली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? उद्धवरावांनी तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक मशीनपाशी जाऊन तो किस्सा सांगितला. पोरीला कळलं, की हा शब्द उच्चारला की मोठी माणसं खूश होतात. मग वरण रिजेक्ट, भाकरी रिजेक्ट, दूधही रिजेक्ट. पास होणारी वस्तू एकच, चहात बुडवलेलं ग्लुकोजचं बिस्कीट. सकाळी चार आणि संध्याकाळी चार.

वर्षभर हे असंच चाललं. शहात्तरच्या दिवाळीनंतर पोरीची सर्दी हटेना, चार पावलं पळाली की मटकन बसायची. वहिनींनी तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्स गिरजाबाईंनी तिला काट्यावर उभं केलं. चार वर्षांची पोर भरली साडेदहा किलो. गिरजाबाई तोंडाच्या फटकळ. त्यांनी सांगून टाकलं, महिन्याभरात काटा सरकला नाही तर हिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात भरती करावं लागेल, आणि बिस्किटाच्या पुड्यानं पोर वाढत नसते.

त्या दिवशी उद्धवराव माझा एक मापाबाहेरचा पीस हातात धरून नुसते बसून राहिले. फुली मारलीच नाही. मला वाटलं होतं असं कधी झालं तर मी पेढे वाटीन. पण तो पीस मीच त्यांच्या हातातून घेऊन रिजेक्टच्या पेटीत टाकला. जाईबाई माझ्याही अंगाखांद्यावर खेळलेली पोर.

घरात मग नाना प्रकार झाले. दटावून झालं, चिमणीचा घास झाला, कावळ्याचा झाला. जाईबाई ओठ मिटून बसायच्या. आठवडा असाच गेला. गुरुवारी आम्हाला सुट्टी. वहिनींनी मला हाक मारून विचारलं, कंपनीत नवीन काम लागलं की काय करतात. मी सांगितलं, आधी एकच पीस काढतात, फर्स्ट पीस. इन्स्पेक्टरनं तो पास केला तरच मशीन पुढे चालू.

वहिनींनी शेपूच्या भाजीची वाटी आणून नवऱ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, “मग आधी तुम्ही पास करा. ती तुमच्याच सहीची वाट बघायलीय.”

मालकाच्या मेहुण्यापुढे न डगमगलेला माणूस, पण शेपूपुढे त्यांच्या कपाळाला घाम आला. जाई डोळे लावून बसलेली. त्यांनी एक घास घेतला, वर तांब्याभर पाणी प्यायलं. मग बराच वेळ मान खाली घालून भाकरीशी चाळा केला आणि रिकामी वाटी दाखवून म्हणाले, पास.

जाईनं एक डोळा बारीक केला. हात पुढे करून बापाच्या ताटातली भाकरी उचलली. खाली सगळी भाजी तशीच.

“बाबा, तुम्ही खोटं पास केलं.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. जे कुणाची बोलायची छाती झाली नव्हती, ते चार वर्षांची पोर बोलली होती, आणि खरं बोलली होती. उद्धवराव कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनी ती भाजी निमूटपणे परत वाटीत भरली आणि म्हणाले, ‘रिवर्क’.

जाईनं हा शब्द पहिल्यांदाच ऐकला. त्यांनी तिला समजावलं, की कंपनीत पास आणि रिजेक्ट यांच्या मधे तिसरी पेटी असते. जो पीस वाईट नसतो, फक्त अजून जमलेला नसतो, तो तिच्यात टाकतात आणि पुन्हा कामाला घेतात. वहिनी म्हणाल्या, तिसरी पेटी होती तर घरी दोनच का आणल्या इतकी वर्षं? उद्धवरावांनी वाटी त्यांच्याकडे सरकवली. वहिनींनी भाजी परत चुलीवर चढवली, वरून लसणाची फोडणी आणि मूठभर शेंगदाण्याचं कूट घातलं. उद्धवरावांनी ती सगळी खाल्ली, तीही पाण्याशिवाय. जाईनं एक घास चावून बघितला. अजून रिवर्क, असं फर्मान निघालं. आणखी कूट पडलं. मग तीन घास गेले.

त्या दिवसापासून बापाचं ताट आधी. दोडका, कारलं, पालेभाज्या, सगळ्यांचे फर्स्ट पीस त्यांनी तपासले. चहा-बिस्कीट घरातून गेलं, तसा त्यांचाही चहा गेला. भिंतीतून मला खोकल्याबरोबर आता ‘बाबा, आ करून दाखवा’ असंही ऐकू यायचं.

महिना भरला तेव्हा जाईला घेऊन दवाखान्यात जाताना उद्धवरावांनी मलाही सोबत नेलं. काट्यापुढे उकिडवे बसून डोळा बारीक केला. गिरजाबाई सव्वाअकरा म्हणाल्या. यांनी पोरीला उतरवून काटा शून्यावर आहे का ते बघितलं आणि पुन्हा चढवायला लावलं. सव्वाअकराच. “पास,” म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. गिरजाबाई म्हणाल्या, अजून खूप भरायचीय, पण आता भरेल.

दुसऱ्या दिवशी माझे चार पीस लाल फुली घेऊन परत आले. जेवणाच्या सुट्टीत मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसलो. डब्यात शेपूची भाजी होती. बघायला जाई नव्हती, कुणीच नव्हतं. तरी ते जेवून हात धुवायला गेल्यावर मी डब्यात उरलेली अर्धी भाकरी उचलून बघितली.

खाली काही नव्हतं.