गिरिजाक्काची दुसरी सुई

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, आणि जिला माझं बाकी सगळं माहीत आहे त्या मैत्रिणीला तर नाहीच. डॉक्टर माणसाच्या पोटात पुष्कळ गोष्टी राहतात, त्यातलीच ही एक, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. पण त्या बाकीच्या गोष्टी रुग्णांच्या आहेत. ही माझी आहे.

आता तुम्हाला सांगायला बसले आहे. आणि बघा, लगेच दुसरीकडे वळावंसं वाटतंय — कारण मी काय केलं ते दोन वाक्यांत सांगून होईल, पण कशाच्या नादात केलं ते तेवढ्यात कळायचं नाही. नाद ही काही सबब नव्हे. एवढं मलाही समजतं.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्ण डॉक्टरकडे जातो आणि त्याचं रक्त माझ्याकडे येतं. म्हैसूरच्या एका इस्पितळात मागच्या बाजूच्या खोलीत सूक्ष्मदर्शकावर वाकून वाकून माझी मान कायमची धरली आहे. लोकांना हे काम रुक्ष वाटतं. वाटो बापडं. मी आत बघते तेव्हा मला देवळात गेल्यासारखं होतं, आणि हे मी उगाच फुगवून सांगत नाही.

आपल्या पेशींमध्ये बारीक बारीक दाणे असतात, मायटोकाँड्रिया. शाळेत ‘पेशीचं ऊर्जाकेंद्र’ म्हणून घोकून घेतात आणि परीक्षा झाली की सगळे विसरतात. मला विसरता आलं नाही. हे दाणे म्हणे फार फार पूर्वी स्वतंत्र जीव होते. कधीतरी एका दुसऱ्या पेशीत शिरले आणि तिथेच राहिले, पाहुणे आले आणि घरचे झाले तसे. अजूनही त्यांचा डीएनए वेगळा आहे — इवलासा, बांगडीसारखा गोल. आणि तो बापाकडून येत नाही. आईकडून येतो, तिच्याकडे तिच्या आईकडून, तिच्याकडे तिच्या. आमची घरं म्हैसूरच्या जुन्या फौजेतल्या मराठ्यांची. बापाकडच्या शिपायांची नावं आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या पाठ, आईकडचं मात्र आजीपलीकडे कुणी सांगू शकत नाही. शरीर नेमकी तीच ओळ जपून बसलेलं असतं! मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा अंगावर काटा आला होता. अजून येतो.

हे दाणे रात्रंदिवस राबतात आणि त्यांच्याच धगीने त्यांचा डीएनए हळूहळू बिघडत जातो. वय होईल तसा सगळ्यांचाच बिघडतो. पण जिथे रक्त तयार होतं त्या हाडांतल्या मज्जेत हा बिघाड वाढला तर? रक्ताच्या कर्करोगाची ती आगाऊ चाहूल असते का? की कर्करोगच त्याला सोबत घेऊन येतो? छातीठोक उत्तर अजून कुणाकडे नाही. मला ते हवं होतं. भूक लागावी तसं हवं होतं.

तेव्हा गिरिजाक्का आली.

देवराज मोहल्ल्यात तिचं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान होतं. ती आणि तिची मुलगी रेखा, दोघी मिळून चालवायच्या. साठीला टेकलेली, बोलायला खणखणीत, पण चेहरा पांढराफटक. जिना चढला की धाप. लोहाच्या गोळ्या किती खाल्ल्या तरी अंगात रक्त धरेना, म्हणून मज्जा तपासायला तिला माझ्याकडे पाठवलं होतं. कमरेच्या हाडात जाड सुई घालून मज्जा ओढून घ्यावी लागते. कातडी बधिर करता येते. ओढण्याचा क्षण मात्र बधिर करता येत नाही.

मी तिला कन्नडमध्ये समजावत होते, तेवढ्यात ती रेखाला हळूच मराठीत म्हणाली, “ही पोर इवलीशी दिसते गं, हिला येतं काय?” मी मराठीतच म्हटलं, “येतं की, अक्का.” तिचे डोळे हे एवढे झाले. “अय्यो, आमच्यातली काय गं तू? मग भ्यायचं कशाला? टोच, टोच!”

त्या दिवशी मी तिला खोटं काहीच बोलले नव्हते. तो दिवस मला पुन्हा पुन्हा आठवून बघायला आवडतो.

दुसऱ्या दिवशी तिची काचपट्टी पाहिली. मज्जेतलं लोह दिसावं म्हणून तिला एक निळा रंग देतात. मी भिंग जुळवलं आणि — कसं सांगू? लाल पेशी जन्माला येण्याआधीच्या त्या कोवळ्या पेशी, आणि प्रत्येकीच्या केंद्रकाभोवती निळ्या मण्यांचं कडं. ते मणी म्हणजेच मायटोकाँड्रिया. लोह आत घेऊन बसलेले, पण त्याचं रक्त न करता आलेले. गोळ्या लागू पडत नव्हत्या त्याचं कारण हे होतं. लोह कमी नव्हतं, अडकून पडलं होतं. एक नाही, दोन नाही, नजर जाईल तिथे निळी कडी. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. हात जोडावेसे वाटले. हे एका बाईचं दुखणं आहे, हे आठवायला मला बराच वेळ लागला.

निदान पक्कं झालं. हा मज्जेचा विकार पुष्कळांना रक्त चढवत वर्षानुवर्षं सांभाळता येतो. काहींचा पुढे रक्ताच्या कर्करोगात उलटतो. उपचार ठरवायला लागतं ते सगळं त्या पहिल्या नमुन्यात होतं. तिचं काम संपलं होतं.

माझं नव्हतं. त्या दाण्यांचा डीएनए तपासायचा तर ताजी मज्जा हवी, आणि पहिल्यातली काही उरली नव्हती. आता तुम्ही म्हणाल, मग मागायची होती. हो. मागायची होती. ‘अक्का, तुमच्या उपचाराला याचा उपयोग नाही, माझ्या अभ्यासाला आहे, द्याल का?’ — एवढंच तर वाक्य. ते मी मनात जुळवलंही होतं. पण ती नाही म्हणाली असती तर?

म्हणून मी काय केलं — तिच्या डॉक्टरांना सांगितलं की पहिल्या नमुन्यात मज्जा कमी आणि रक्तच जास्त आलं होतं. आणि तिला सांगितलं, “अक्का, पहिलं सरी आलं नाही. औषध ठरवायला अजून एकदा घ्यावं लागतंय.” सरी म्हणजे नीट.

कन्नडमध्ये म्हणाले असते तर कदाचित अडखळले असते. इंग्रजीत तर ते नुसतं इस्पितळाचं बोलणं झालं असतं, तिनं उलट विचारलंही असतं. मी आमच्या घरच्या बोलीत बोलले, अगदी माझी आई बोलते त्या सुरात. मुद्दाम. रेखाने भुवया चढवल्या, “मागच्या वेळी चांगलं आलं म्हणाला होता ना तुम्ही, डाक्टर?” अक्कानंच तिला दटावलं, “गप गं! आपली पोरगी सुम्ने टोचंल काय?” सुम्ने म्हणजे उगाच. मी मान खाली घालून हातमोजे चढवत होते.

सुई हाडात गेली. मी ओढलं तेव्हा तिनं माझ्या कोटाचं टोक मुठीत धरलं आणि ती “अव्वा!” म्हणाली. दुखलं की आईलाच हाक जाते. आणि माझ्या डोक्यात त्या क्षणी काय यावं? की मी हे जे ओढते आहे, तेही हिच्या अव्वाकडूनच आलेलं आहे. मला तो विचार फार सुंदर वाटला. ती कण्हत होती, आणि मला तो विचार सुंदर वाटला. सुई टोचण्यापेक्षा, खोटं बोलण्यापेक्षाही मला याची लाज जास्त वाटते.

दसऱ्याआधीचे दिवस होते, दुकानात ब्लाउजांचे ढीग. कंबर दुखून त्या बाजूच्या पायाने तिला मशीन चालवता येईना. काही गिऱ्हाइकं कापड परत घेऊन गेली, असं रेखा नंतर सहज बोलता बोलता म्हणाली. तक्रार नव्हती तिची. अक्कानं तर माझं मापाचं ब्लाउज मागवून घेतलं आणि मोरपंखी रेशमाचं नवं शिवून पाठवलं; का, तर मी तिच्यासाठी दोनदा कष्ट घेतले म्हणून. पुढे एका परिषदेत मी तिच्या मायटोकाँड्रियांतल्या बिघाडाबद्दल बोलले, तेव्हा तेच घालून गेले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला होता, तो नाकारत नाही.

पुढे रक्त चढवायला ती येत राहिली. एकदा बाटली लावलेली असताना मला हाक मारून म्हणाली, “माझ्यामागून कुणाच्या उपयोगी पडत असलं तर घे गं काय पाहिजे ते. मी काय बांधून नेणार?” म्हणजे तिनं दिलंच असतं. नुसतं विचारायचं होतं. तेव्हा तरी मी सांगावं की नाही? तोंड उघडलंही होतं. मग नर्स आली, मग दुसरं काही आलं. आणखी काही वर्षांनी तिचा विकार कर्करोगात उलटला आणि ती गेली.

गेल्या महिन्यात रेखा आली. तशीच पांढरी पडलेली. “आईकडून आलं काय हे?” तिनं विचारलं. मी तिला समजावलं की आईचा बिघाड वयानं साठलेला होता, तो सहसा मुलांत उतरत नाही. हे खरं आहे. मग म्हटलं, तरी मज्जा बघायला हवी, आणि तिला तपासणीच्या पलंगावर बसवलं.

“आईचं दोनदा घेतलं होतं तुम्ही,” ती म्हणाली. “माझंही दोनदा घ्या. काही राहून जायला नको.”

मी म्हटलं, एकदा पुरेल.

“मग आईला दोनदा का लागलं?”

खोलीत आम्ही दोघीच होतो. घाई नव्हती, नर्स नव्हती, मला थांबवणारं कुणीही नव्हतं. “तेव्हा गरज होती,” मी म्हणाले — मराठीत, त्याच सुरात. तिनं मान हलवली, पदर खोचला आणि माझ्याकडे पाठ करून कुशीवर वळली.