विमानाच्या काचेला केळीची पिशवी

धुळ्यात विमान चालवायला शिकत होते तेव्हाची गोष्ट. कडाक्याच्या थंडीतल्या एका पहाटे आमच्या छोट्या विमानाच्या पुढच्या काचेवर बर्फाचा पातळ थर बसला होता. मी एटीएम कार्डानं खरवडायला लागले, तर सर ओरडले, "अगं, प्लास्टिकची आहे ती! ओरखडे पडतील!" मग ऊन येईपर्यंत नुसते हात चोळत बसलो.

मी रावेरला केळीची बाग करणाऱ्या वडिलांना, आबांना, फोन केला. त्यांनी थंडीत केळीच्या घडांवर चढवायच्या पिशव्या पाठवल्या. संध्याकाळी त्या काचेवर बांधल्या. सकाळी शेजारची विमानं पांढरीफटक, आमची काच लख्ख! सर म्हणाले, "सगळ्यांसाठी मागव."

मी पुन्हा फोन केला, तर आबांनी विचारलं, "तुमचा हा घड केवढा आहे?"

"अख्खं विमान साडेसातशे किलोचं!"

"मग खाली टेकू लावलाय ना?"