ठिपकेवाल्या फाइली

घरात तिला सगळे फौजदार म्हणत. बंद पिशवीतले तांदूळसुद्धा ती पुन्हा निवडून घेई, आणि कुणी न मागता गोड बोललं की त्याला काय हवंय याचा मनातल्या मनात तपास सुरू करी.

नवरा-बायको मिळून छोट्या सॉफ्टवेअरची कामं घेत. मागची खोली हेच ऑफिस. कोड दोघं लिहीत. पण ग्राहकाला नेमकं काय लागतं ते विचारून घेणं आणि नव्या प्रोजेक्टची मांडामांड तिचीच. कुठलं फोल्डर कशाच्या आत, कुठली सेटिंग कुठल्या फाइलीत, हे सगळं ती हाताने रचे. त्यात दिवस जाई, आणि त्या दिवशी खोलीत तिचाच शब्द चाले.

मग धाकट्या दिराची नोकरी गेली आणि तो त्यांच्या कामात आला. दातांच्या एका डॉक्टरीणबाईंना पेशंटच्या वेळा ठरवायचा प्रोग्रॅम हवा होता. ती पदर खोचून बसणार, तोच दिराने टर्मिनलच्या काळ्या खिडकीत प्रोजेक्टचा सांगाडा रचून देणाऱ्या एका फुकट टूलची एक ओळ लिहिली, टूलने विचारलेल्या प्रश्नांवर न वाचताच भराभर एंटर मारले, आणि कपातला चहा निवायच्या आत प्रोजेक्ट उभा राहिला. चालूही झाला.

"झालं, वहिनी."

"काय झालं?"

"तुमचं दिवसभराचं काम."

"बरं झालं," नवरा म्हणाला. "हिला जरा मोकळीक मिळेल."

मोकळीक. सासऱ्यांच्या छपाईच्या दुकानातून मोठ्या जाऊबाईंना अशीच मोकळीक मिळाली होती. त्या पुन्हा दुकानाची पायरी चढल्या नाहीत.

दोघं भाऊ मॉनिटर आणायला बाहेर पडले, तशी तिने ते फोल्डर उघडलं. तिने न मागितलेल्या कितीतरी फाइली आत येऊन बसल्या होत्या. काही तर लपलेल्या. नावाआधी ठिपका, आणि मुद्दाम दाखव म्हटल्याशिवाय दिसायच्या नाहीत. सरळ असतं तर तोंड कशाला लपवलं असतं? शिवाय हे सगळं फुकट. कोण कुणाला फुकट देतं? दोन-चार ठिपकेवाल्या तिच्या ओळखीच्या निघाल्या, त्या राहू दिल्या. बाकीच्या तिने खड्यासारख्या निवडून काढून टाकल्या.

भाऊ परतले. दिराने प्रोजेक्ट सुरू केला आणि पडदा लाल ओळींनी भरला.

"मघाशी तर चालत होतं," तो पुटपुटला.

"तुझ्या असल्या झटपट कामाचा भरवसा नाही बाबा," नवरा म्हणाला. "हिचीच पद्धत बरी." आणि वाजणारा फोन घेऊन तो बाहेर गेला.

हवं तेच ऐकायला मिळालं होतं. पण दिराची पडलेली मान बघून तिला ते गोड लागेना. आधीच नोकरी गेलेला माणूस तो.

दिराने बरीच शोधाशोध केली. मग हलक्या आवाजात म्हणाला, "वहिनी, तांदूळ निवडलेत वाटतं."

"माझ्यावर आळ घेताय, भाऊजी?"

"मुद्देमाल कचरापेटीतच आहे. फौजदार असून एवढं कसं विसरलात?"

त्याने माउस दोनदा टिचकवला, मग खुर्ची रिकामी करून तिच्याकडे सरकवली. "नव्यानेच करू. तुम्ही बसा. मी नुसता एंटर मारत सुटतो. डॉक्टरीणबाईंना काय लागतं ते तुम्हालाच माहीत."

ती बसली, पण खुर्चीच्या कडेवर. "टूल लॉगिन हवं का विचारतंय."

"मग? हवं?"

"रिसेप्शनवालीला हवं. बाई पासवर्ड विसरतात."

फोन संपवून नवरा दारात आला. "आता काय चाललंय?"

"वहिनी मांडणी करतायत," दीर म्हणाला. "मघाशी माझंच चुकलं होतं."

तिने दिराकडे तिरपं पाहिलं. सख्ख्या भावापासून हे लपवण्यात याचा काय डाव? नवरा वळल्यावर ती कुजबुजली, "ती कचरापेटी रिकामी करा."

"केली मघाशीच."

एवढ्या तत्परतेने? काहीतरी मागेल, आज ना उद्या. मागू दे. ती खुर्चीत मागे सरून नीट टेकून बसली आणि पडद्यावरचा पुढचा प्रश्न दुसऱ्यांदा वाचू लागली.